विरजण

केप्याच्या वरच्या अंगाला, आमच्या सड्यावर
एकवीस वर्षं मिरची होती.
तिच्यासाठी खालून माती चढवलेली, ट्रकनं,
शिंपल्यांचा चुना फासलेला,
शेण, युरिया, आणि गांडुळं,
बोलावलं की येणारी.

मग मिरची थांबली. कारण फार मोठं नाही:
पुनो वेळीपचे गुडघे, आणि लेक मडगावात नर्स.
जमीन समितीच्या हवाली करताना म्हणाला,
तिचं तिला परत करा.
तिचं म्हणजे काय,
हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

आम्ही वीतभर माती खरवडून काढली.
खाली जांभा निघाला, भोकाभोकांचा,
कुणी विसरून गेलेल्या मधाच्या पोळ्यासारखा.

पहिल्या वर्षी डबा भरून नमुना आणला
(डबा रंगाचा, दोन्ही तोंडं कापलेला).
चाळणीवर ठेवला, वर चाळीसचा दिवा,
खाली नसराळं, त्याखाली स्पिरिटची बाटली.
जे जिवंत आहे ते उजेडाला पाठ करतं,
उष्म्याला भिऊन खाली खाली उतरतं,
आणि पडतं.
पडलेलं मी मोजते. पगार त्याचाच.
सात दिवस दिवा जळला.
बाटलीत दोन मुंग्या, आणि माझा एक केस.

सेवेरिन रडवेला झाला, प्रबंध त्याचा होता.
पुनो म्हणाला, "माती निदल्या."
मग त्यानंच टोपली उचलली,
कुंपणापलीकडे गेला, जिथं नांगर कधी पोचलाच नाही,
कातळाच्या खळग्यातली नखभर जाडीची माती,
शेवाळानं धरून ठेवलेली,
भाकरी उलथावी तशी सोडवून घेतली
आणि आमच्या बोडक्या जागेत अकरा ठिकाणी ठेवली.
विरजण आहे, म्हणाला. ढवळू नका.

विरजण लागायला सहा वर्षं गेली.
शेपटीखाली स्प्रिंग दडवून उडी मारणारा तो पांढरा कणसुद्धा
वर्षाला दोन हात सरकला तर सरकला.
आणि तो आठ पायांचा, डांबराच्या थेंबासारखा,
त्याला शेवाळ लागतं, तेही वाळलेलं,
तेही जुनं.
घाई फक्त आमच्या तक्त्याला होती.

दरम्यान गांडुळं गेली.
चुना धुपला, माती आपल्या मूळच्या आंबटपणावर आली.
बैठकीत सेवेरिननं आलेख लावला, रेघ खाली खाली.
पणजीच्या बाई हळहळल्या: अरेरे, शेतकऱ्याचा मित्र!
मित्रच, बाई.
पण शेत कुठे आहे?

यंदा भाद्रपदात सीतेची आसवं निळी पसरली.
लोक आले, गुडघे टेकून फोटो काढले,
उठताना गुडघे झटकले.
झटकलं त्यात कोण कोण होतं,
मी सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

त्या रात्री मी एकटीच मोजत होते.
नव्वद. एकशे चार. एक विंचू, नांगी नसलेला,
तिळाएवढा, नांग्यांऐवजी नुसता चिमट्यांचा तोरा.
एकशे बारा.
आणि वीज गेली.

अंधारात चाळणीवरचा डबा निवू लागला.
जे अर्ध्या वाटेवर होते
त्यांना वाटलं असेल, संपला उन्हाळा.
थबकले असतील. एखादा वरही वळला असेल.
परत आलेत की नाहीत हे कळावं म्हणून
आम्ही सात वर्षं त्यांना स्पिरिटमध्ये पाडतोय,
हे तोवर मला माहीत नव्हतं असं नाही.

वीज आली. मी दिवा लावला नाही.
वहीत लिहिलं: ११२, नमुना अपुरा.

सकाळी डबा ओढणीत गुंडाळून सड्यावर नेला.
पुनो तिथंच होता, काठी टेकून.
आले? त्यानं विचारलं.
काही आले, म्हटलं. काहींना परत आणलंय.

माती जिथून काढली होती तिथंच बसवली.
वाळून थोडी आकसली होती,
भोवती बोटभर फट राहिली.
ती मी बुजवली नाही.